डबा उघडला का?

भानुदास सुपेकर कर्जतच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते. लोक कंट्रोलर म्हणत, ओळखीचे आबा म्हणत. गाडी लागली, गाडी सुटली, गाडी आलीच नाही, या तिन्ही घोषणा निवृत्त होईपर्यंत त्यांनीच केल्या. वीज गेली की कर्णा बंद पडे, घोषणा बंद पडत नसे. आबा खिडकीतून डोकं बाहेर काढत आणि तेच वाक्य तोंडी म्हणत. ते रस्त्यापलीकडच्या रसवंतीपर्यंत ऐकू जाई. रसवंतीवाल्याची तक्रार होती, "आबांमुळं लाइट गेलेली कळतच न्हाई."

मी एका जिल्हा दैनिकाचा तालुका वार्ताहर म्हणून कर्जतला गेलो, तेव्हा बातम्यांचं पाकीट एस.टी.ने नगरला जात असे. पाकीट ड्रायव्हरच्या हाती देणं हे आबांचं काम नव्हतं. ते देत. पुढे त्यांच्या शेजारच्याच दोन खोल्या मला भाड्याने मिळाल्या. दोन्ही अंगणांच्या मध्ये छातीएवढी भिंत होती. इथे लिहिलेलं बरंचसं त्या भिंतीवरून पाहिलेलं आहे. जे पाहिलेलं नाही, ते कोणी सांगितलं हे त्या त्या ठिकाणी लिहिलं आहे.

आबांची दोन मराठी होती. मायकवर ते शाळेच्या पुस्तकातलं बोलत: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे." मायकचं बटण बंद केलं की त्याच दमात, "अय, ती पिशवी कुनाची हाय रं?" कर्ण्यातून 'आहे' आलं तर ती घोषणा, आणि खिडकीतून 'हाय' आलं तर ते आबा, हे कर्जतकरांना पाठ होतं.

'थोड्याच वेळात' हे शब्द त्यांनी मायकवर कधी उच्चारले नाहीत. खर्ड्याची गाडी वाटेत बंद पडली की ते सरळ सांगत, "खर्डा गाडी येणार नाही. ज्यांना टेम्पोने जाता येईल त्यांनी जावे." एकदा एका साहेबांनी त्यांना यावरून झापलं. प्रवासी निघून जातात, उत्पन्न बुडतं, त्यापेक्षा 'गाडीस विलंब होत आहे' असं सांगा, असा हुकूम झाला. आबांनी हुकूम पाळला. दुसऱ्या दिवशी घोषणा झाली, "गाडीस विलंब होत आहे. विलंब म्हणजे किती, ते मला माहीत नाही." साहेबांनी पुन्हा विचारणा केली तेव्हा म्हणाले, "साहेब, मान्सं माझ्या शब्दावर बसून ऱ्हात्यात. मला ठावं न्हाई तर न्हाई म्हनावं."

हा खरेपणा त्यांना एकदा महागात पडला. ती गोष्ट माझ्या आधीची आहे. ती मला त्यांच्या पत्नी ताराकाकूंनी सांगितली, आणि रसवंतीवाल्याने दुजोरा दिला.

आबांना एकच मुलगी, कांचन. तिचा बारावीचा निकाल लागला त्या दिवशी खिडकीशी आलेल्या एका कंडक्टरने विचारलं, "पोरीचं काय झालं?" आबांनी नुकतीच जामखेड गाडीची घोषणा संपवली होती. बटण बंद केलं असा त्यांचा समज होता. स्थानकावरच्या सगळ्या कर्ण्यांतून आवाज आला, "पोरगी गनितात गेली. बाकी समद्यात पास हाय, पर गनितात गेली."

कांचन त्या वेळी मैत्रिणींबरोबर फलाटावर उभी होती.

ती घरी येऊन रडली नाही, भांडली नाही. फक्त त्यानंतर तिने वडिलांना काही सांगणं थांबवलं. पुढच्या परीक्षेत ती गणितात सुटली, पुण्याला शिकली, औषधांच्या कंपनीत लागली. यातलं प्रत्येक पाऊल आबांना ताराकाकूंकडून कळलं, तेही 'तुमच्यापाशीच ठेवा' या पुस्तीसह. बापलेकीत अबोला नव्हता. जेवलात का, गोळ्या घेतल्या का, एवढं बोलणं होई. आबा एकदा मला म्हणाले, "माझ्या पोरीची बातमी मला मधल्या स्टॉपवर मिळती, पत्रकार."

आबांना निवृत्त होऊन काही वर्षं झाली होती, तेव्हा श्रावणात कांचन एक प्लास्टिकची पेटी घेऊन आली. पेटीच्या बाजूंना भोकं पाडलेली होती. आत ओंजळीत मावेल एवढं कासव होतं. घुमटासारखी उंच पाठ, काळपट तपकिरी रंग, त्यावर पिवळे फराटे. मी बातमीदाराच्या सवयीने विचारलं, घरात चालतं का? तिने नीट उत्तर दिलं. आपल्याकडची कासवं पाळणं गुन्हा आहे. हे परदेशी जातीचं आहे, नोकरी सोडून जाणाऱ्या एका सहकारी बाईंनी तिला दिलं, आणि वनखात्याकडची नोंद तिच्या नावावर झालेली आहे. कंपनीने तिला दिवाळीपर्यंत बंगळूरला पाठवलं होतं. तिथल्या खोलीत प्राणी चालणार नव्हता.

या जातीची विशेष गोष्ट अशी की भ्यायल्यावर ते मान-पाय आत घेऊन थांबत नाही. पोटाकडची ढाल बिजागरीसारखी वर उचलून पुढूनमागून दार लावून घेतं. पातं शिरायलाही फट राहत नाही. आबांनी ते पाहिलं आणि म्हणाले, "च्यायला, हा तर डबाच हाय!" त्या आवाजाने दार आणखी घट्ट झालं. नाव मात्र तेच पडलं.

कांचनने गाडी सुटण्याआधी घाईत सूचना दिल्या. आबा त्यातल्या प्रत्येक वाक्यावर मोठ्याने काही ना काही बोलत होते, त्यामुळे त्यांच्या वाट्याला निम्म्याच आल्या. त्यातली एक होती, "त्याला पाणी लागतं." तिला म्हणायचं होतं, प्यायला आणि पाय भिजवायला उथळ ताटलीत पाणी लागतं. आबांनी ऐकलं तेवढंच.

आमच्या भागात कासव म्हणजे विहिरीतलं. 'हिरीत कासव असलं की पानी नितळ ऱ्हातं' असं जुनी माणसं म्हणतात. आबांच्या वडिलांच्या विहिरीतही होतं. कांचनची गाडी सुटली, आबा घरी आले आणि त्यांनी डबा अंगणातल्या सिमेंटच्या हौदात सोडला. हौद नुकताच भरलेला होता. काठ उभे, गुळगुळीत.

हे कासव जमिनीवरचं आहे. त्याला पोहता येत नाही म्हटलं तरी चालेल.

ताराकाकू भांडी घासायला आल्या आणि ओरडल्या, "अवो, ते बुडतंय! भिताडाला पाय मारतंय, या की!" मी भिंतीशी पोहोचलो तेव्हा आबा सदऱ्यासकट खांद्यापर्यंत हौदात वाकलेले होते. त्यांनी ते बाहेर काढलं. नाकातून पाणी गळत होतं. फरशीवर ठेवताच त्याने हळूहळू, फार हळूहळू, दार लावून घेतलं.

गुरांचे डॉक्टर मोटरसायकलवरून आले. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं, तोंडाकडची बाजू खाली धरून पाणी निथळू दिलं, फटीशी बोट ठेवून वाट पाहिली. "आबा, आमी म्हशी बघतो. पर श्वास हाय. कोरड्यात ठेवा, उबेत ठेवा, आन् छेडू नका."

डॉक्टर गेल्यावर ताराकाकूंनी सल्ला दिला, "आत्ताच पोरीला सांगू नका. बरं झालं की सांगू."

आबा ओल्या सदऱ्यातच ओट्यावर बसले होते. म्हणाले, "गाडी बंद पडली तर बंद पडली म्हनायचं."

त्यांनी फोन लावला. कांचनची बस तेव्हा भिगवणच्या आसपास असेल. "कांचन, मी डबा हौदात टाकला. मला वाटलं पान्यातलं हाय. बुडत हुता. काढला."

पलीकडून आवाज आला. फोनचा स्पीकर चालू होता, आबांना तो बंद करता येत नसे. "जिवंत आहे ना?"

"हाय."

"आबा, आता मी सांगते ते ऐका. मधे बोलू नका."

आबा मधे बोलले नाहीत. भिंतीच्या अलीकडे मला तिचं बोलणं आणि त्यावर त्यांचं "व्हय... व्हय..." ऐकू येत होतं. शेवटी ती म्हणाली, घाबरलेलं कासव काही दिवस खात नाही, पण हे पाण्यात गेलेलं आहे. पुढच्या रविवारपर्यंत त्याने तोंड उघडलं नाही, तर माझी मैत्रीण पुण्याहून येईल आणि त्याला घेऊन जाईल.

फोन ठेवून आबा म्हणाले, "बारावीनंतर पैल्यांदा काय तरी माझ्या हाती दिल्तं तिनं."

ताराकाकूंनी त्यांच्या हाती कोरडा सदरा दिला.

दुसऱ्या दिवसापासून अंगणाचा कायदा बदलला. चिक्कूच्या झाडाखाली विटांचं बुटकं कुंपण झालं. आत माती, पालापाचोळा, फुटका माठ आडवा घालून केलेलं बीळ, त्यावर ओलं गोणपाट, आणि उथळ ताटलीत पाणी. एक चपटी फरशी खाण्यासाठी. आबा तिला फलाट म्हणत. रोज सकाळी ऊन तापायच्या आत झारीने पालापाचोळा भिजवायचा, फलाटावर खाणं ठेवायचं, आणि लांब जाऊन बसायचं. वेळ बदलायची नाही, जागा बदलायची नाही, वरून हात आणायचा नाही, उचलायचं नाही. हे सगळं कांचनचं. जोडीला आबांनी स्वतःचा एक नियम केला: "प्रवाशाला हाताला धरून गाडीत घालायचं नसतं. गाडी लागली एवढं सांगायचं आन् गप बसायचं."

गप बसणं हीच अडचण होती. आबा खोकले की डबा बंद. आबांनी "तारे, च्या!" म्हटलं की डबा बंद. माठाच्या तोंडाशी दोन लाल डोळे दिसायला लागले की आबांना हर्ष व्हायचा आणि तो तोंडावाटे बाहेर पडायचा. डोळे आत. तिसऱ्या खेपेला ताराकाकू म्हणाल्या, "त्वांडात सुपारी धरा." आबांनी खरोखरच धरली. चहाची मागणी खुणेने होऊ लागली. वर्तमानपत्राची पानं खडखडतात म्हणून ते अंगणात येण्याआधीच त्याची छोटी घडी घालत आणि समोर आलेला तेवढाच मजकूर पुनःपुन्हा वाचत. एकदा ती बाजारभावांची घडी निघाली. सबंध सकाळ त्यांनी कांद्याचे भाव वाचले.

गल्लीने आपापल्या परीने मदत केली. कोणी मेथी आणली, कोणी चुरमुरे, एकाने भाकरी दुधात कुस्करून आणली. श्रावणी सोमवारी दोघी जणी हळदकुंकू घेऊन आल्या, कारण महादेवापुढे कासव असतंच. आबांनी त्यांना फाटकातच अडवलं आणि कुजबुजत म्हणाले, "कुंकू लावू नका, बाई. ते देवळातलं न्हाई. ते आजून घरातलंबी झालेलं न्हाई." आबा कुजबुजले ही बातमी त्या दोघींनी गल्लीभर नेली. जाता-येता लोक विचारू लागले, "आबा, डबा उघडला का?" आबा मान हलवत. नाही.

फलाटावर पपई ठेवली, तिला मुंग्या लागल्या. लाल भोपळा ठेवला, तो सुकला. टोमॅटो तसाच राहिला. आबा रोज स्टूल थोडं पुढे घेत आणि डबा मिटला की तेवढंच मागे नेत. शुक्रवारी संध्याकाळी कांचनचा फोन आला. मैत्रिणीची रविवारची गाडी ठरली होती. "आबा, तुमचा दोष नाही," ती म्हणाली. आबा म्हणाले, "हाय की. हौदात कुनी टाकलं?" ती म्हणाली, "हलणारं काही देऊन बघा. गांडूळ बघा मिळतंय का. ते त्याला लांबूनही दिसतं."

कर्जतमध्ये गांडूळखत करणाऱ्यांची कमी नाही. आबा सायकलवरून जाऊन ओल्या मातीसकट गांडुळं डब्यातून घेऊन आले. खऱ्या डब्यातून. ताराकाकूंचा तो चटणीचा डबा होता, आणि त्यावर जे बोलणं झालं ते खुणांनी झालं नाही.

शनिवारी सकाळी मी भिंतीशी उभा होतो. आबांनी झारीने पालापाचोळा भिजवला, फलाटावर दोन गांडुळं ठेवली आणि स्टुलावर बसले. मग त्यांनी तोंडातली सुपारी काढली आणि जेमतेम ऐकू येईल अशा आवाजात, पुस्तकी मराठीत, घोषणा केली: "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. गांडूळ फलाट क्रमांक एकवर लागले आहे."

मला हसू आलं. आबा हसत नव्हते. त्यांचे दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट आवळलेले होते.

माठाच्या तोंडाशी डोळे आले. मान आली. पुढचा एक पाय आला आणि तिथेच थांबला. गांडुळाने वेटोळं घातलं. मान तिरकी झाली, जणू एका डोळ्याने खात्री करून घेत होती. मग तो चालत आला. उड्या नाहीत, घाई नाही, पाटीवर स्वतःच्या गावाचं नाव वाचलेल्या माणसासारखा आला, आणि त्याने गांडूळ मधोमध पकडलं. पायाने दाबून, मान मागे ताणून तोडलं. गिळलं. दुसऱ्याकडे वळला.

आबा उठले. पावलांचा आवाज न करता घरात गेले, मागच्या दाराने बाहेर पडले. पुढचं ताराकाकूंनी सांगितलं, आणि शेवटचा भाग मी स्वतः ऐकला. ते गल्ली ओलांडून ओढ्यापर्यंत चालत गेले. तिथे उभे राहून त्यांनी आठवडाभर कोंडलेला आवाज सोडला: "खाल्लं! खाल्लं रं, खाल्लं!"

ओढ्यात कपडे धुणाऱ्या बाया उठून उभ्या राहिल्या. अंगणात डबा दुसरं गांडूळ खात होता. एवढ्या लांबून त्याला काही फरक पडला नाही.

मैत्रिणीची गाडी रद्द झाली. त्या फोनवर कांचन मोठ्याने हसली, असं ताराकाकू म्हणतात. मी ऐकलं ते एवढंच: "आबा, उद्यापण मलाच आधी सांगा. आईला नंतर."

त्यानंतर रोज सकाळी फोन येऊ लागला. सुरुवातीला फक्त डब्याबद्दल. आज काय खाल्लं, किती वेळ बाहेर होता. भाद्रपदात तो आबांच्या स्टुलापाशी येऊन थांबू लागला. नवरात्राच्या सुमाराला आबांनी तळहात जमिनीला टेकवून त्यावर पपईची फोड ठेवली, आणि तो हातावर पुढचे दोन्ही पाय ठेवून खाऊ लागला. आबा त्या वेळी श्वासही जपून घेत. फोनवरचं बोलणं हळूहळू लांबत गेलं. ते बोलणं आता आत, माजघरात होई, आणि स्पीकर बंद करायला आबा कोणाकडून तरी शिकले होते. त्यामुळे पुढचं मला माहीत नाही. ताराकाकू मात्र भिंतीशी येऊन सांगून गेल्या, "आता मलाच बातमी मधल्या स्टॉपवर मिळती, बगा." तक्रारीचा सूर होता. चेहरा तक्रारीचा नव्हता.

दिवाळीला कांचन आली. पहिल्या सकाळी ती ओट्यावर पाय पोटाशी घेऊन बसली आणि वडिलांना बघत राहिली. आबांनी झारी फिरवली, फोड तळहातावर घेतली, हात मातीला टेकवला. डबा माठातून निघून त्यांच्याकडे चालत आला. कांचनने हाक मारली तेव्हा तो थबकला, मान तिच्याकडे वळवली, आणि पुन्हा आबांकडे निघाला.

"बघा!" ती म्हणाली. "मला विसरला."

"विसरला न्हाई," आबा हळू आवाजात म्हणाले. "त्याचं जेवन चाललंय. झालं की येतो."

तो आलाही.

भाऊबीज झाल्यावर ती निघाली. माझी बदली नगरच्या कार्यालयात झाली होती. मीही त्याच दिवशी सामान टेम्पोत घालून, पुढच्या गाडीसाठी स्थानकावर उभा होतो. त्यानंतर कर्जतला माझं राहणं झालेलं नाही, म्हणून आबांची माझ्याजवळची अखेरची नोंद त्या दिवसाचीच.

कर्ण्यातून कुण्या नव्या माणसाचा आवाज आला, "पुणे गाडी थोड्याच वेळात फलाटावर लागेल." आबांनी तोंड फिरवलं. गाडी बऱ्याच वेळाने लागली. कांचन खिडकीशी बसली, पेटी मांडीवर. पेटीत ओल्या पाल्यावर डबा मान बाहेर काढून होता. गाडीच्या इंजिनाचा आवाज, फेरीवाले, कर्णा, एवढ्या गलक्यातही त्याचं दार उघडं होतं. आबांनी भोकातून बोट आत घातलं. त्याने ते हुंगून पाहिलं.

गाडी सुटायची वेळ झाली तेव्हा कांचनने आबांना खुणेने जवळ बोलावलं. ते टाचा उंचावून खिडकीशी गेले. तिने बाहेर वाकून त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि काहीतरी सांगितलं. एक वाक्य असेल, दोन असतील. आबांचा हात खिडकीच्या गजावर होता, तो तिथेच राहिला. गाडी हलली तेव्हा त्यांनी तो सोडला.

ते माझ्यापाशी आले. डोळे ओले होते आणि चेहरा उजळलेला. मी विचारलं, "काय म्हणाली?"

कर्जतमध्ये त्यांना कुणी काही विचारलं आणि उत्तर मिळालं नाही, असं मी पाहिलेलं नव्हतं. त्यांनी तोंड उघडलं. मग वर, कर्ण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे.

"पत्रकार," ते म्हणाले, "मायक बंद हाय."